विरजणाची माती

रविवार, ३ मार्च

आले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, एक मिक्सर आणि माझी हत्यारांची पेटी. चौथा मजला, लिफ्ट नाही. गादी वर आणताना हमालाने मनातल्या मनात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार, तोंडाने मात्र फक्त पाणी मागितलं. घर इनमीन दीड खोलीचं. पण आंधळा मागतो एक डोळा तशी गत झाली आहे. मला नुसतं डोक्यावर छप्पर हवं होतं, ताईने बाल्कनीसकट दिलं.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे अर्धी आईच. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या, शाळेच्या फाटकापर्यंत हात धरून तिनेच नेलं. आता भाऊजींना कंपनीचं मोठं घर मिळालं, ते दोघं तिकडे गेले आणि हे घर तिने मला राहायला दिलं. घटस्फोटानंतर दोन वर्षं मी मैत्रिणींच्या बैठकीच्या खोल्यांत झोपत होते. कुणी "अजून किती दिवस?" असं विचारायच्या आत बॅग भरायची सवयच लागली होती. ताईने तसं काही विचारलं नाही. कायमची राहा म्हणाली. अट एकच, तिची बाग मरू द्यायची नाही.

बागेचं नाव ऐकून मी पोट धरून हसले. कारण बाल्कनी मी टेपने मोजली आहे: सात फूट लांब, पावणेतीन फूट रुंद. त्यात एक खुर्ची ठेवली की माणसाने बाहेर उभं राहायचं. पण सकाळी चार तास चांगलं ऊन येतं. बघू या.

मंगळवार, ५ मार्च

ताईच्या बागेत सध्या राम नाही. अकरा कुंड्या, सगळ्यांत वाळलेल्या काटक्या. ताईसारख्याच झाल्या आहेत. गेली दोन-तीन वर्षं तिची तब्येत उतरतच चालली आहे, हातांना सदा रबरी हातमोजे. त्वचेचा त्रास म्हणते. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, निदान शून्य.

मी मात्र कामाला लागले. माझा धंदा दातांचा. म्हणजे डेंटल लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या आणि कॅपा बनवते. एका दाढेवर मावतील एवढ्या डोंगरदऱ्या मेणात कोरायची सवय असलेल्या बाईला सात फूट जागा म्हणजे मैदानच! जुनी चपलांची मांडणी भिंतीला उभी केली, तिच्या चार कप्प्यांत पालक, कोथिंबीर, मुळा, पुदिना. कठड्याला बाटल्या कापून टांगल्या, त्यांत मिरच्या. रंगाच्या दोन मोठ्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, त्यांत टोमॅटो. घेवड्याला वर चढायला छतापासून सुतळ्या बांधल्या. मधोमध एक पाऊल ठेवण्यापुरती जागा सोडली आहे. पोट आत घेतलं तर वळताही येतं.

माती विकत आणायला निघणार तोच ताईचा फोन. बाहेरची माती अजिबात आणू नकोस, रविवारी मी येते, असं तिने तीनतीनदा सांगितलं.

रविवार, १० मार्च

ताई येऊन गेली. अजून मन भरून आलंय.

तिची पद्धत अशी: जुन्या कुंडीतली मूठभर माती नव्या कुंडीत घालायची, दह्याला विरजण लावतात तशी. कोकोपीट, पालापाचोळा, स्वयंपाकघरातली सालं हे सगळं नवं असलं तरी चालतं, विरजण मात्र जुनंच. आणि कालवायचं ते हाताने. खुरपं नाही, हातमोजे नाहीत. मी म्हटलं, हातमोज्यांचा प्रश्नच नाही, आमच्या धंद्यात ज्याला बोटांच्या टोकांनी दिसत नाही त्याने घरी बसावं. माझ्या बोटांचा मला गर्व आहे, तो तिलाही ठाऊक आहे. ती म्हणाली, म्हणूनच तर तुला दिली.

ती स्वतः दारात उभी राहिली. हातमोजे घालून, भिंतीला टेकून. मी कोपरापर्यंत हात घालून सगळी माती कालवली. काळी, मऊ आणि कोमट. उन्हात ठेवली होती म्हणून असेल. हात बाहेर काढताना बोटांना किंचित ओढल्यासारखं झालं, चिखलात चप्पल रुतते तसं. मी ताईकडे बघितलं तर ती रडत होती. हातमोजे काढून तिने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मला एवढी घट्ट मिठी मारली की माझा श्वास कोंडला. मला माफ कर म्हणाली. कशाबद्दल ते विचारलं तर म्हणाली, काही न सांगता मातीत हात घालायला लावले म्हणून, नखं काळी झाली ना तुझी. वेडी आहे. नखांचं काय एवढं!

शुक्रवार, २२ मार्च

बारा दिवसांत पालक खुडला! पुस्तकात महिना लिहिलाय. मुळा टरारून वर आलाय, घेवडा दोन हात चढलाय. टोमॅटोला फुलं. मी रोज सकाळी पाणी घालायच्या आधी हाताने माती सैल करते, ताईने सांगितल्याप्रमाणे. लॅबमधल्या बायकांना पालकाच्या जुड्या वाटल्या. बॉसबाईंनी विचारलं, शेत घेतलंस की काय? मी म्हटलं, हो, सात बाय पावणेतीन.

ताईलाही पिशवी भरून दिली. तिच्या गालांवर मांस चढलंय, चाल बदलली आहे. मोठ्या घरची हवा मानवली म्हणायची.

रविवार, ७ एप्रिल

टोमॅटो लाल झाले. चार आठवड्यांत! एकेक माझ्या मुठीएवढा. कौतुक करावं की घाबरावं कळेना, शेवटी खाल्ला. गोड होता, पण चव ओळखीची वाटली. बोट कापल्यावर आपण तोंडात घालतो ना, तशी थोडी.

एक बारीकसं: उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक बधिर झालंय. सुई टोचली तरी कळत नाही. मेण कोरताना एकाच बाजूने जोर पडला असेल.

तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. निवृत्त आहेत, इमारतीत सगळ्यांत जुन्या. त्यांना टोमॅटो दिले तर दोन पायऱ्या मागे सरकल्या. म्हणाल्या, तुमच्या ताई तरी कुठे खातात, पिशवी नेतात आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी करून जातात. मला राग आला. लोकांना बहिणी-बहिणींत काडी लावल्याशिवाय चैन पडत नाही.

सोमवार, १५ एप्रिल

लॅबमधून तीन कामं परत आली. दाढेच्या कॅपा उंच झाल्या, पेशंटचं तोंड मिटेना. एकोणीस वर्षांत माझं काम परत आलेलं नाही. बॉसबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता माझा हात हातात घेऊन बघितला. पाच बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, नखं वाढायची थांबलेली. सुट्टी घे म्हणाल्या. हात गेले तर माझ्याकडे उरतं काय? नवरा नाही, मूल नाही, घर ताईचं. ही दहा बोटं तेवढी माझी स्वतःची.

ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पाणी वेळेवर घालतेस ना?

गुरुवार, १८ एप्रिल

आज ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपून राहिले, बागेला पाणी घालायचं राहिलं. उठले तर जीभ टाळूला चिकटलेली. तांब्याभर प्यायले. आणखी एक. पोट डब्ब झालं, तहान तिळभर हलली नाही. ओठ उलले, रक्त आलं. कशीबशी बाल्कनीत गेले; पालक माना टाकून पडला होता. बादलीने पाणी घातलं.

माती पाणी पीत होती तसतशी माझी तहान भागत गेली.

मी मुद्दाम दोनदा वाचलं वरचं वाक्य. खोडणार नाही. तसंच झालं.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज खात्री करून घेतली. बाजारातली माती आणून ही सगळी फेकून द्यायची ठरवलं. पहिली बादली उचलून जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावर धाप. दुसऱ्यावर गुडघे गेले. पहिल्या मजल्यापाशी डोळ्यांपुढे काळोख आला, भर दुपारी. पायरीवर बसले. बादलीच्या बुडाच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर आली होती, केसांसारखी बारीक, आणि सगळी एकाच बाजूला वळलेली. बादली फिरवून ठेवली. थोड्या वेळाने मुळंही फिरली. माझ्याकडे.

मास्तरीणबाईंनी मला आणि बादलीला वर आणून पोचवलं. बादलीला हात लावायच्या आधी त्यांनी पदर दोन्ही हातांना गुंडाळून घेतला. मग कठड्याकडे पाठ करून बसल्या आणि सगळं सांगितलं.

ताईच्या आधी इथे एक शिंपी राहायचा. बाग त्याची. भाजी अशी यायची की लोक बघायला येत, आणि तो मात्र वर्षा-दोन वर्षांत सुईत दोरा ओवेना, कात्री धरवेना. घर विकताना त्याने ताईला हौसेने माती कालवायला लावली आणि ताठ चालत निघून गेला. नव्या हाताने माती कालवली की जुना सुटतो. आणि जितकं जास्त पिकवाल, तितक्या लवकर हात जातो. फक्त त्या हाताने इथेच राहायला हवं आणि त्याला आधी काही ठाऊक असता कामा नये. घर सोडून पळालं तर बागेबरोबर माणूसही वाळतं. ताईने तेही करून बघितलं होतं.

मी विचारलं, हे ताईला ठाऊक होतं? मास्तरीणबाई हो म्हणाल्या. ताई मागल्या वर्षी त्यांच्यापाशी रडली होती. त्यांनीच तिला सावध केलं होतं की असं कुणाच्या गळ्यात बांधू नकोस, पाप लागेल. तेव्हा ताई म्हणाली होती, "माझी एक बहीण आहे. ती मला कधी नाही म्हणत नाही."

मला का सांगितलं नाहीत, असं मी त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, रक्ताच्या नात्यात मी कशी पडू, मला वाटलं तिला शेवटी दया येईल.

शनिवार, २० एप्रिल

केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही.

तासाभरासाठी दार नुसतं लोटून, कुंड्यांत भरपूर पाणी सोडून ताईकडे गेले. रिक्षाने. तिने दाराची साखळी काढली नाही. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता, गुबगुबीत, केस काळेभोर. मी हात फटीत धरले. बघ म्हटलं. तिने बघितले नाहीत.

आधी म्हणाली, तू काय बोलतेस मला कळत नाही. मग रडायला लागली. तीन वर्षं ब्लाउजचं हुक लावता येत नव्हतं, भाऊजी भरवायचे, लेक परगावी शिकत होती तिला काही कळू दिलं नाही. मी म्हटलं, मला सांगितलं असतंस तर मी स्वतः तुला भरवायला आले असते, जन्मभर. हे खरं आहे. मी आले असते. म्हणून तर जास्त लागलं.

त्यावर तिने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, मला लेक आहे, नवरा आहे. "तुझ्यामागे रडायला कोण आहे?"

दार लावलं. ज्या हाताने माझ्या वेण्या घातल्या त्याच हाताने.

रिक्षात बसले तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. रिक्षावाल्याने उचलून वर दारापर्यंत आणलं.

सोमवार, २२ एप्रिल

पेन बोटांना रबराने बांधून लिहितेय. थोडक्यात लिहिते.

घेवडा छताला लागला. आज शेंगा तोडल्या नाहीत. तोडल्या की हात आणखी जातो, आता मनगटापर्यंत काही कळत नाही. नाही तोडल्या तर त्या फुगतात, आणि रात्रंदिवस छातीत दडपण. काय केलं तरी तिचंच चालतं. बागेचं.

मुळं बाल्कनीच्या उंबऱ्याच्या आत आलीत. फरशांच्या फटीतून. माझी गादी ज्या बाजूला, त्या बाजूला.

बुधवार, २४ एप्रिल

चिमणीचा फोन. ताईची लेक, माझी भाची. चोवीस वर्षांची झाली तरी माझ्यासाठी चिमणीच. शिक्षण संपवून परत आलीय, याच शहरात नोकरी मिळाली. आई मावशीकडे जायचं नाव काढू देत नाही म्हणून चिडली आहे. तुमचं भांडण असेल तर तुमच्यापाशी, मी येणार म्हणाली. तुझ्याचकडे राहते, मला ऑफिस जवळ पडेल. तुझ्या बागेतली भाजी ऑफिसच्या डब्यात मिरवेन.

मी फोन ठेवला. नुसतं हो किंवा नाही म्हणायचं होतं. काहीच म्हटलं नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

दिवसभर एकच विचार.

ताईची लेक. ताईला ठाऊक नाही. चिमणीला काहीच ठाऊक नाही. इथेच राहायला येतेय. हौशी आहे, हात आधी घालते आणि मग विचारते.

ताईला कळेल तेव्हा तिचा चेहरा —

शी! काय लिहितेय मी. त्या पोरीला मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय.

शुक्रवार, २६ एप्रिल

ठरलं. ती आली की दारातच सांगायचं. एकदा कळलं की तिचा हात चालणारच नाही, आधी ठाऊक असता कामा नये म्हणाल्या होत्या मास्तरीणबाई. म्हणजे सांगितलं की ती सुटली. मी ताई नाही. सख्खी असले तरी नाही.

मग माझं काय — ते नंतर.

शनिवार, २७ एप्रिल. सकाळ

कोपरापर्यंत. गुडघ्यापर्यंत. खुर्चीतून उठता येत नाही. टेबलाशीच बसून —

मास्तरीणबाईंनी सकाळी पाणी पाजलं, मला आणि कुंड्यांना. झारीनेच घातलं, लांबून.

चिमणी उद्या येणार. उद्यापर्यंत आवाज राहू दे. घसा फार —

शनिवार. दुपार

दारात किल्ली फिरली. आजच आली. आईच्या कपाटातून जुनी किल्ली ढापली म्हणे, मावशीला गंमत करायची होती.

मला बघून रडली. मी तोंड उघडलं. शब्द — नुसती हवा. पेनकडे बोट करायला गेले, बोट कुठलं. ती म्हणाली बोलू नकोस, बसून राहा, मी आहे ना आता. स्वयंपाकघरात गेली. गॅस लावलाय.

इथे लिहून दाखवते. मोठ्या अक्षरात. माती ला हा त — रबर सटकतंय —

शनिवार

बाल्कनीचं दार वाजलं.

ती तिथूनच सांगतेय, किती घट्ट झालीय गं माती, थांब, जरा सैल करते.

हाक मारायला —

मुंग्या येताहेत. करंगळीला. अंगठ्याला. दहाही बोटांना मुंग्या येताहेत. रबर काढलं, पेन धरता येतंय. किती दिवसांनी! कागद खरखरीत आहे. टेबलाची कड गार आहे. मला कळतंय.

घसाही ओला झाला. आत्ता हाक मारली तर ऐकू जाईल. चार पावलांवर आहे ती, पाठमोरी, बाह्या वर केलेल्या. म्हणतेय, मावशी, कोमट आहे गं.

अजून पुरती कालवली नसेल तिने. अजून वेळ आहे. मारते हाक. हे वाक्य तेवढं पुरं करते, बोटं जरा चालवून बघते, मग लगेच